आकाशी गाडीची उजवी बाजू

गाडी आवाज न करता भिंतीपासून चार हात पुढे आली. थोरल्याने ती थांबवली, उतरून दार लावलं आणि दारावरचा हात तसाच ठेवून उभा राहिला.

उजव्या दाराच्या खालच्या भागात एक लांबट खळगा होता. तळहात आडवा बसेल एवढा खोल. वरची कड धारदार, खालची मऊ, आणि दार संपायच्या आत दोन्ही टोकं पत्र्यात विरून गेलेली. कुठे चरा नाही, रंगाची कपची उडालेली नाही.

तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. डावं दार ताटासारखं सपाट होतं. दादांनी, त्याच्या वडिलांनी, बुधवारपासून शनिवारपर्यंत खपून तो डेंट काढला होता.

"काका," त्याने हाक मारली. "जरा इकडे या."

काका हात पुसत आले. दादांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं या एकाच शेडमध्ये दादा पत्रा ठोकत होते आणि काका रंग मारत होते. काकांनी उजवं दार बघितलं. मग डावं. मग पुन्हा उजवं.

"ह्या बाजूलापण कुणीतरी ठोकलंय," ते म्हणाले.

"काका."

"नाही, मी आपलं म्हणून बघितलं."

डाव्या दाराचा आकाशी रंग रात्रीतच वाळला होता आणि बाकीच्या गाडीशी इतका जुळला होता की जोड शोधून सापडला नसता.

"तुम्ही रंग मारताना तरी बघायचं," थोरला म्हणाला.

"मी रंग बघतो, पत्रा बघत नाही. पत्रा दादाने बघितला की मी त्यावर बोट ठेवत नाही. आणि तू काय करत होतास? गाडी भिंतीला चिकटवून कुणी लावली?"

गाडी थोरल्यानेच लावली होती, उजवी बाजू भिंतीकडे करून. भूगोलाच्या बाई सोमवारी ती घेऊन आल्या, कारण मागून कुणाची तरी टक्कर बसून बंपर तडकला होता. काम तेवढंच होतं. बाईंनी दाराचं काही सांगितलं नव्हतं. दादा म्हणाले होते, लाजल्या असतील.

"मला म्हणाला, असा हट्टी डेंट बापजन्मात बघितला नाही," काका म्हणाले. "जेवढा बाहेर काढावा तेवढा परत आत बसतो. चरा नाही, म्हणजे कुणीतरी बूड टेकून उभं राहिलं असणार."

"आत बसणारच. कारखान्यात दाबून बसवलाय तो."

"एवढं मोठं बूड कुणाचं असतं, याचा तरी त्याने विचार करायला पाहिजे होता."

दोघांनाही हसू आलं आणि दोघांनीही ते गिळलं.

"बाई किती वाजता येणार?"

"बारा."

"मग ऐक. त्यांना मी फाटकातच गाठतो आणि खरं काय ते सांगतो. पुढे कधीतरी दार बदलून देऊ. पण दादाला कळता कामा नये. अकरा महिन्यांनी माणसाने हातोडी उचलली. पहिलंच काम असं निघालं हे कळलं तर ती जी खाली ठेवेल, ती ठेवेलच."

थोरल्याने मान हलवली आणि गाडी पुन्हा भिंतीला लावली.

*

शेडच्या वरच घर होतं. स्वयंपाकघरात सून चहा गाळत होती आणि धाकटी, दादांची मुलगी, ओट्याला टेकून उभी होती. ती दुसऱ्या शहरात एका कारखान्यात खुर्च्या आखायचं काम करायची आणि महिन्यातून एका रविवारी यायची. थोरल्याने दार लोटून घेतलं आणि खालचं सगळं सांगितलं.

धाकटीने आधी एकच विचारलं. "दार सपाट केलं? पूर्ण?"

"ताटासारखं."

"हाताने?"

"मग काय पायाने?"

"अरे, ते करणं सोपं नाही." तिच्या आवाजात कौतुक होतं. मग तिचा चेहरा उतरला. "सांगायला पाहिजे त्यांना."

"अजिबात नाही."

"भाऊ, पत्र्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तुम्ही पत्र्यावरून फसवणार? उद्या रस्त्यावर अशी दुसरी गाडी दिसली की कळेलच. वर हेही कळेल की घरात सगळ्यांना माहीत होतं."

"तू महिन्यातून एकदा येतेस. ते स्टुलावर हात मांडीत ठेवून बसतात, ते मी रोज बघतो. सकाळी खाली यायचं, स्टुलावर बसायचं, संध्याकाळी वर जायचं. बुधवारी ठोकायचा आवाज आला तेव्हा मी तिकडे गेलोसुद्धा नाही. म्हटलं, दृष्ट लागायची."

धाकटीने ओट्यावरचे कप पुढे सरकवले. सून कप भरत राहिली. आपण बोलायला हवं हे तिला कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. अकरा महिन्यांपूर्वी सासूबाई वारल्यापासून खालच्या खिडकीतलं टेबल तिच्याकडे आलं होतं. कामाची वही, चाव्यांचे खिळे, सगळं. सासूबाई त्या खिडकीतून हातोडीचा पहिला ठोका पडायच्या आत ओरडून विचारायच्या, जोडी बघितली का? म्हणजे दुसऱ्या बाजूचं दार बघितलं का, ते बघून मगच हे ठोका. दादा दर वेळी चिडून म्हणायचे, बघितली, बघितली. कधीकधी बघितलेली नसायची, मग गुपचूप जाऊन बघायचे.

बुधवारी खिडकीत सून बसली होती. तिने चहा नेऊन दिला होता. विचारलं काही नव्हतं.

"सध्या नको सांगायला," ती म्हणाली. "बाई गाडी घेऊन जाऊ देत. मग बघू."

"झालं तर," थोरला म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अरे, कुठे लपलात सगळे? या की गॅलरीत."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गॅलरीत कुणी बसून अकरा महिने झाले होते.

*

गॅलरी थेट सिग्नलवर होती. लाल दिवा लागला की गाड्या खाली ओळीने उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीची डावी बाजू गॅलरीकडे असायची. सुटीच्या दिवशी इथे बसून गाड्या ओळखायच्या, हा या घरातला जुना खेळ. आई पाठमोरी बसून नुसत्या आवाजावर ओळखायची आणि मग वळून चेहरा बघून तिला नाव ठेवायची. एक रुसलेली होती. एक पाहुणे दिसताच दार लावून घेणारी. दादांना आवाज कळत नसे. ते आकारावर जायचे आणि नेहमी हरायचे.

आज दादांनी स्वतःच खुर्च्या झटकून ओळीत मांडल्या होत्या. नखांत प्रायमर होता आणि अंगावर कामाचा शर्ट. काका आधीच येऊन शेवटच्या खुर्चीत बसले होते, मान उंच करून, टेहळणीला बसवल्यासारखे.

"फक्त विजेच्या ओळखायच्या," दादा म्हणाले. "चार दिवस एकीच्या अंगाला हात लावून आहे, तर म्हटलं, ही जात काय आहे ते बघू. ही बघा, ही एक."

"कशावरून?" सुनेने विचारलं.

"जाळी नाही. नाकच नाही तिला."

"जाळी हवेसाठी असते, दादा," धाकटी म्हणाली. "गरम व्हायला इंजिनच नाही, तर जाळी कशाला?"

"श्वास तोंडानेही घेता येतो. म्हणून नाक नसलेला माणूस चालतो का? चेहरा म्हटला की नाक लागतं."

"सवय झाली की चालेल."

"तिच्यामागची बघ, तिने जाळीचं नुसतं चित्र काढून घेतलंय," काका म्हणाले.

"ते त्याहून वाईट. बोळक्या तोंडावर दात रंगवल्यासारखं."

थोरला हसला. असं बोलणारे दादा त्याने किती दिवसांत ऐकले नव्हते. हे असंच बारापर्यंत चालू राहू दे, एवढंच त्याला हवं होतं. खाली एक लाल गाडी येऊन थांबली. पुढे दिव्याची एकच बारीक पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हिला एकच भुवई," दादा म्हणाले. "डोळे कुठेत?"

"खाली, बंपरमध्ये."

"म्हणजे हनुवटीत. आणि मुठी कुठे गेल्या? दाराला मुठी नाहीत."

"पत्र्यात बसवलेल्या असतात. दाबलं की बाहेर येतात."

"पाहुण्याला काय माहीत कुठे दाबायचं? घरधन्याने उतरून दार उघडून द्यायचं?" दादा पुढे वाकले. "पण रेघ चांगली काढलीय. दिव्यापासून मागपर्यंत एका दमात. ही ज्याने काढली, त्याचा हात थरथरत नाही."

"रंग मात्र मेलेला," काका म्हणाले. "सिमेंट सांडल्यासारखा. आता सगळ्यांना हाच पाहिजे. आणि ती पलीकडची बघ, मघाशी तू जिला विजेची म्हणालास ती. मागून धूर काढतेय."

"फसवी निघाली. कपडे विजेचे, पोटात पेट्रोल." दादांनी मांडीवर हात मारला. "आपली आकाशी दिसत नाही कुठे. तिच्यासारखी एखादी यायला पाहिजे. धड दार कसं दिसतं, ते तुम्हाला दाखवतो."

थोरल्याने घड्याळ बघितलं.

काकांना ती आधी दिसली. चौकापलीकडून राखाडी, तेच बसकं छत. त्यांनी थोरल्याला पायाने ढोसलं आणि विरुद्ध दिशेला बोट केलं. "दादा, ती बस बघ. काय रंग दिलाय."

"बस काय बघायची?"

"बघ तरी."

दादांनी बस बघितली. राखाडी गाडी एका टेम्पोच्या आडून निघून गेली. "पिवळीच तर आहे," दादा म्हणाले.

"पण कसली पिवळी."

धाकटीने काकांकडे असं बघितलं की त्यांनी नजर वळवली. मग त्यांनी सुनेला खूण केली, भुवयांनी, आतल्या दाराकडे. दादांना काहीतरी निमित्त काढून आत ने. सुनेला खूण कळली. कामाच्या वहीत काहीतरी विचारायचंय म्हणाली असती तर दादा लगेच उठले असते. ती उठलीसुद्धा.

पण दादा कठड्यावर कोपरं टेकून खाली बघत होते, आणि ते इतक्या कुतूहलाने बघत होते की तिचे पाय हलेनात. त्यांनी धड दार दाखवायचं म्हटलं होतं. हा माणूस पत्रा शोधतोय आणि आपण त्याला पिवळी बस दाखवतोय. ती पुन्हा बसली, आणि खुर्ची थोडी मागे घेतली, म्हणजे दादांना रस्ता नीट दिसेल.

थोरल्याने ते बघितलं. "अगं," तो हळूच म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली.

*

पांढरी होती. सिग्नल लाल झाला आणि ती बरोबर गॅलरीखाली थांबली. दादांनी छतावरून ओळखली, दिव्यावरून खात्री केली आणि बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर दारावर गेली.

हिलाही त्याच जागी लागलंय, असं त्यांना आधी वाटलं. वाईटही वाटलं.

मग ते नेहमीसारखं बघायला लागले. ऊन तिरकं होतं, त्यामुळे सावली स्वच्छ पडली होती. वरची कड पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. ठोकर बसून अशी कड येत नाही. ठोकरीची कड वेडीवाकडी असते, तिला घाई असते. ही निवांत होती. हे बुधवारीसुद्धा दिसलं होतं. बोटांनी सांगितलंही होतं. पण हात इतके दिवसांनी कशाला तरी लागले होते, आणि त्यांना ते सोडायचं नव्हतं.

दिवा हिरवा झाला. पांढरी गेली.

"अजून एक येऊ दे," दादा म्हणाले.

"दादा," थोरला म्हणाला.

"थांब. एकीवरून बोलू नये."

कुणी चेहऱ्यांवर बोललं नाही, भुवयांवर नाही. सहा सिग्नल गेले. मग एक तपकिरी आली, लांब उभी राहिली, पण ऊन तेच होतं आणि सावली तीच होती.

"मुद्दाम आहे," दादा म्हणाले. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे एकदा बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी," थोरला म्हणाला. "गाडी पुढे घेतली तेव्हा."

"काकालाही?"

"मी म्हटलं, बाई गेल्यावर बघू," काका म्हणाले. त्यांनी भावाच्या चपलांकडे बघत सांगितलं.

दादा धाकटीकडे वळले. "तुझं काम हेच ना, आकारांचं. तो खळगा कशासाठी?"

तिला असा प्रश्न अपेक्षित नव्हता. "विजेच्या गाडीची बॅटरी खाली तळाशी पसरलेली असते. त्यामुळे सगळी गाडी उंच होते, दारं जाड दिसतात. तिथे थोडं आत घेतलं की सावली पडते आणि गाडी सडपातळ वाटते."

"म्हणजे फोटो काढताना पोट आत घेतात तसं."

"तसंच."

"आणि मी चार दिवस खपून तिचं पोट बाहेर काढलं."

काकांना आवरलं नाही. ते हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दादा हसले नाहीत. ते उठले आणि जिन्याने खाली निघाले.

*

थोरला मागोमाग गेला, पण शेडच्या दारात थांबला. आत जायचा धीर होईना. दादांनी गाडी भिंतीपासून सोडवून घेतली होती. ते उजव्या दारापाशी उकिडवे बसले होते आणि डोळे मिटून खळग्यावरून तळहात फिरवत होते. वरून खाली, मग आडवा. बराच वेळ. मग ते उठले, बाकावरची हातोडी घेतली, चिंधीने पुसली, पेटीत ठेवली आणि पेटीला कडी घातली.

थोरल्याने मान फिरवली. काका त्याच्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही बघितलं होतं.

"मी म्हटलं नव्हतं?" काका पुटपुटले.

भूगोलाच्या बाई बाराच्या आधीच आल्या. काकांना त्यांना फाटकात गाठायचं होतं, पण बाई भरभर चालणाऱ्या निघाल्या. दादा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"बाई, बंपर झालाय. पण माझ्या हातून एक चूक झालीय. तुमच्या डाव्या दारावर खळगा होता, तो डेंट समजून मी काढून टाकला."

बाईंनी डावं दार बघितलं. "खळगा होता?"

"हा असा." दादांनी बाईंना उजव्या बाजूला नेलं.

बाई वाकल्या, बघितलं, पुन्हा डावीकडे गेल्या. "दीड वर्षं चालवतेय मी ही गाडी. मी फक्त हँडल बघते हो. यात आधीचं कुठलं म्हणालात?"

जिन्यात उभ्या असलेल्या धाकटीने कपाळाला हात लावला.

"खळगा आधीचा."

"मग राहू द्या की. मला हे सपाटच बरं वाटतंय. पुसायला सोपं."

सुटलो, थोरल्याला वाटलं. काका तर चाव्या घ्यायला खिडकीकडे निघालेही.

"नाही राहू देणार," दादा म्हणाले. "तुम्ही एका बाजूनेच बघता. रस्त्यावरचा माणूस दोन्हीकडून बघतो. ज्याने ही आखली त्याने दोन्हीकडचं पोट आत घेतलंय, एकीकडचं मी सोडलं तर गाडी झोकांड्या खाल्ल्यासारखी दिसेल. मला चार दिवस द्या."

"चार दिवस शाळेत चालत जाऊ?"

"थोरला सोडेल तुम्हाला. रोज, वेळेवर."

थोरल्याने मान हलवली. काय चाललंय ते त्याला नीट कळलं नव्हतं. "दादा, तुम्ही हातोडी तर आत टाकलीत."

"हातोडीचं काम आहे का हे? हातोडीने डेंट पडेल, खळगा पडणार नाही. लाकडाचा ठोकळा लागेल, ह्या मापाने तासलेला. आणि मागे टेकू द्यायला वाळूची उशी. आयुष्यभर आत गेलेलं बाहेर काढलं, आत घालायचं कधी केलंच नाही." ते उजव्या दाराशी पुन्हा बसले आणि खळग्याच्या वरच्या कडेवर नख टेकवलं. "ही कड कशी आणायची, तेच बघायचंय. बारके, तुमच्याकडे वळणाचं माप कसं घेतात गं?"

"पुठ्ठा कापून," धाकटी म्हणाली. ती जिना उतरून त्यांच्या शेजारी बसली. "बोटभर अंतरावर एकेक पुठ्ठा. मग तो उलटा करून डावीकडे लावायचा."

"उलटा करून. बरोबर. काका, पुठ्ठे काढ. आणि आकाशी ठेव तयार, ह्या वेळी दोनदा लागेल."

"मला काय, मी रंग बघतो," काका म्हणाले, आणि पुठ्ठे शोधायला माळ्यावर चढले.

सून खिडकीतल्या टेबलाशी जाऊन बसली. तिने वहीत बाईंच्या गाडीची ओळ काढली, आजची तारीख खोडली.

"दादा, कधीची लिहू?"

"गुरुवार." ते दारावर कान टेकवावा इतके जवळ गेले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "शुक्रवारी कुठली गाडी आहे?"

सुनेने पान उलटलं.